काचेच्या कुपीवर डोळ्यांचा पहारा

नागपूरहून वर्धा मार्गाने निघाले, की विमानतळ मागे पडल्यावर खापरीच्या आसपास मिहानचा परिसर सुरू होतो. विमान दुरुस्तीचे केंद्र, माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती आणि मधली मोकळी माळराने यांच्या सोबतीने येथे दोन मोठ्या गोष्टी उभ्या आहेत. एक ल्युपिनचा औषध कारखाना. त्यात गोळ्यांबरोबर इंजेक्शने तयार करणारा विभागही आहे. दुसरी म्हणजे ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रार्पण झालेली एम्स. एकीकडे औषध भरले जाते, दुसरीकडे औषध टोचले जाते. या दोन्ही कामांच्या मध्ये एक वस्तू असते आणि तिच्याकडे रुग्णाचे, नातेवाइकांचे, बऱ्याचदा डॉक्टरांचेही लक्ष नसते. ती म्हणजे काचेची कुपी.

रबरी बूच आणि ॲल्युमिनियमची टोपी असलेली कुपी म्हणजे व्हायल, आणि मान मोडून उघडावी लागते ती अँप्युल. औषध महाग आहे का, सुई जाड आहे का, हे सगळे विचारतात. काच कोणती, हे कोणी विचारत नाही. विचारले तरी उत्तर मिळणे कठीण, कारण लेबलवर औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत सगळे असते, काचेचा प्रकार मात्र सहसा लिहिलेला नसतो.

काच कशाशीही रासायनिक क्रिया करत नाही, अशी आपली समजूत असते. लोणचे काचेच्या बरणीत मुरवायचे, स्टीलच्या डब्यात नाही, हे घरोघरी ठाऊक असते. ही समजूत बरीचशी खरी आहे, पण पूर्ण खरी नाही. काच पाण्यात विरघळते. फार हळू आणि फार थोडी, इतकेच. लोणच्याच्या बरणीला त्याने काही फरक पडत नाही. थेट शिरेत जाणारे औषध दोन-दोन वर्षे ज्या काचेला चिकटून राहते, तिथे पडतो.

साधी काच वाळू, सोडा आणि चुना यांची. वाळू एकटी वितळवायची तर प्रचंड उष्णता लागते, म्हणून सोडा घालतात. तो वाळूला लवकर वितळवतो, पण तयार काचेत सोडियम सैलसर बसलेले असते. पाणी लागले की ते हळूहळू बाहेर पडते आणि आतले द्रावण अल्कधर्मी होत जाते. काही औषधे त्याने बिघडतात. यावर उपाय सापडला जर्मनीत येना येथे. ओटो शॉट या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काचेत बोरॉन मिसळून पाहिले. आपल्याकडे सोनार डाग देताना वापरतात तो टाकणखार हेही बोरॉनचेच संयुग. या बोरोसिलिकेट काचेतून सोडियम फार कमी सुटते. शिवाय ती तापली तरी फारशी फुगत नाही, त्यामुळे एकदम गरम-थंड केल्यावर सहज तडकत नाही. तिचा सुरुवातीचा मोठा उपयोग औषधासाठी नव्हता, तर गॅसच्या दिव्यांच्या चिमण्यांसाठी होता. पेटत्या कंदिलावर पावसाचा थेंब पडला की काच तडकते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको.

कंदिलावरून आठवते, महाराष्ट्राचे काचेशी नाते जुने आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून उभारलेल्या आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला, कराडजवळची ओगलेवाडी त्यावरून ओळखली जाऊ लागली आणि तिथला प्रभाकर कंदील गावोगाव पोहोचला. आज औषधाच्या कुप्या नाशिकजवळ बनतात, शेजारच्या गुजरातेत भरूच जिल्ह्यात तर मोठ्या प्रमाणावर बनतात. जंबुसरला औषधी काचेच्या नळ्या ओढणारा शॉट कंपनीचाच कारखाना आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये शॉट कायशा या कुप्या बनवणाऱ्या कंपनीत निम्मी भागीदारी घेतली. लस कितीही तयार असली तरी ती भरायला कुपी नसेल तर उपयोग नाही, हे कोविडने साऱ्या जगाला दाखवले होते.

औषधसंहिता काचेचे ढोबळ तीन प्रकार मानते. पहिल्या प्रकारची बोरोसिलिकेट, दुसऱ्या प्रकारची म्हणजे साधीच काच, पण आतून गंधकयुक्त रसायनाची प्रक्रिया करून वरच्या थरातले सोडियम काढून टाकलेली. तिसऱ्या प्रकारची साधी काच, जी खोकल्याच्या औषधाला किंवा पावडरला चालते. इंजेक्शनांसाठी प्रामुख्याने पहिला प्रकार लागतो.

पण पहिल्या प्रकारची काच घेतली म्हणजे काम झाले असेही नाही. छोट्या कुप्या आणि अँप्युल साच्यात फुंकून बनवत नाहीत. आधी काचेची लांबलचक नळी ओढतात. वितळलेली काच एका तिरक्या, फिरत्या पोकळ दांड्यावर सोडायची, दांड्यातून हवा फुंकायची आणि दुसऱ्या टोकाने नळी ओढत राहायचे. मग ही नळी फिरत्या यंत्रावर उभी करून ज्वाळांनी तापवतात, मान घडवतात, पुढे खालचा भाग ज्वाळेने तोडून तळ बंद करतात. खोड नेमकी या तळ बंद करण्यात आहे. ज्वाळा फार तीव्र असेल तर काचेतले बोरॉन आणि सोडियम वाफ होऊन उडते आणि तळाच्या जरा वर, कुपीच्या आतल्या भिंतीवर जाऊन बसते. तेवढ्या पट्ट्यात काचेची घडण बदलते. बाहेरून काही दिसत नाही. यंत्र जितके वेगात चालवायचे तितकी ज्वाळा तीव्र ठेवावी लागते, आणि वेग वाढला की कुपी स्वस्त पडते. कुपीचा दर्जा आणि कुपीची किंमत यांची गाठ या ठिकाणी पडते.

हा बिघडलेला पट्टा महिन्यांनंतर आपले रूप दाखवतो. औषधाच्या संपर्काने काचेचे पापुद्रे सुटतात. भिंतीचा ओल लागलेला चुना जसा सुटतो तसे, फक्त अतिशय पातळ. प्रकाशात धरले तर द्रावणात काहीतरी चमचमते, कधी तेही दिसत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेत ॲम्जेन कंपनीने एरिथ्रोपोएटिनच्या कुप्या बाजारातून परत मागवल्या, त्या अशाच पापुद्र्यांमुळे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना रक्तवाढीसाठी हे औषध वारंवार घ्यावे लागते. औषध चांगले होते, कुपी पहिल्या प्रकारच्या काचेची होती, मुदत संपलेली नव्हती. तरीही दोघांचे आपसात जमले नाही. तेव्हापासून औषध आणि काच यांची जोडी मुदत संपेपर्यंत टिकते का, हे तपासण्यावर जगभर भर वाढला.

पापुद्रे निदान दिसू तरी शकतात. काचेतून सुटणारे ॲल्युमिनियम दिसत नाही. आपल्याकडे जवळपास प्रत्येक वॉर्डात असणारे एक इंजेक्शन म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट, १० मिलीच्या काचेच्या अँप्युलमध्ये येणारे. ग्लुकोनेटचा गुण असा, की ते धातूंना धरून ठेवते. बोरोसिलिकेट काचेत थोडे ॲल्युमिनियम असते आणि निर्जंतुक करताना अँप्युल तापवली की हे द्रावण ते काचेतून ओढून घेते. निरोगी मोठ्या माणसाची मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची मूत्रपिंडे तयार नसतात, आणि अशा बाळाला कित्येक दिवस शिरेतून पोषण द्यावे लागते. ब्रिटनमध्ये अशा बाळांवर झालेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे द्रावण मिळालेल्या बाळांची दीड वर्षाच्या वयातली बौद्धिक वाढ, कमी ॲल्युमिनियमचे द्रावण मिळालेल्या बाळांपेक्षा मागे असल्याचे त्यात आढळले. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१० मध्ये १० मिलीच्या काचेच्या पात्रातले कॅल्शियम ग्लुकोनेट लहान मुलांना व मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना वारंवार किंवा दीर्घकाळ देऊ नये, असे सांगितले. त्याऐवजी प्लॅस्टिकच्या पात्रातले वापरावे.

म्हणून अडचणीच्या वेळी एखादी अँप्युल द्यायला कोणी कचरू नये. रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडली असता हेच इंजेक्शन जीव वाचवते. प्रश्न रोज, आठवडेच्या आठवडे देण्याचा आहे, आणि तो नवजात अतिदक्षता विभागांनी औषध मागवतानाच विचारायला हवा.

आता तपासणीकडे. काचेच्या कारखान्यात कुपी थंड होण्याआधी एका लांब भट्टीतून हळूहळू निववली जाते, म्हणजे काचेत ताण उरत नाही. ताण राहिला आहे का, हे विशिष्ट प्रकाशात धरून पाहता येते. ताण असेल तिथे रंगीत पट्टे उमटतात. नळीतच अडकलेला आणि नळीबरोबर लांबला गेलेला हवेचा बुडबुडा, न वितळलेला वाळूचा खडा, मानेजवळचा केसासारखा तडा, तोंडाचे वाकडेपण, हे सारे कॅमेरे टिपतात आणि वाऱ्याच्या फुंकरीने ती कुपी रांगेबाहेर ढकलली जाते.

औषध भरणाऱ्या कारखान्यात कुप्या पुन्हा धुतल्या जातात आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या बोगद्यातून जातात. जंतू मारायला एवढी उष्णता लागत नाही. मेलेल्या जंतूंच्या कवचाचे तुकडे नष्ट करायला ती लागते. हे तुकडे रक्तात गेले तर थंडी वाजून ताप भरतो. सलाइन लावल्यावर हुडहुडी भरण्याची कारणे अनेक असतात, त्यातले एक हे. नंतर औषध भरणे, बूच, टोपी. आणि शेवटी प्रत्येक कुपीची तपासणी. दहातली एक किंवा शंभरातली एक अशी नाही, एकूण एक.

ही तपासणी माणूस करतो तेव्हा तो एका खोपटासारख्या पेटीसमोर बसतो. मागे अर्धा काळा, अर्धा पांढरा पडदा. वरून २००० ते ३७५० लक्सचा प्रकाश. घरात वाचनासाठी लागणाऱ्या उजेडाच्या हा कितीतरी पट आहे. कुपी हलकेच फिरवायची, उलटी करायची, पण हलवून फेस आणायचा नाही. काळ्या पडद्यापुढे पाच सेकंद, पांढऱ्यापुढे पाच सेकंद. पांढरा तंतू आणि काचेची चमक काळ्यावर उठून दिसते, रबराचा काळपट कण पांढऱ्यावर. एवढेच काम, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्हणून चांगल्या कारखान्यात तपासनिसांची दृष्टी आणि रंग ओळखण्याची क्षमता ठरावीक मुदतीने तपासतात आणि ठरावीक वेळानंतर त्यांना डोळ्यांना विश्रांती घ्यावीच लागते. थकलेला डोळा बघत असतो, पण त्याला दिसत नसते. क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्या डॉक्टरांनाही हे ठाऊक आहे.

ताजा डोळाही सगळे पाहत नाही. स्वच्छ द्रावणातला साधारण १५० मायक्रॉनचा कण प्रशिक्षित माणसाला दहापैकी सातेक वेळा दिसतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना यावी. १९८० च्या सुमारास ज्यूलियस नॅप यांनी या गोष्टीला गणिताची शिस्त लावली. कुपी चांगली की वाईट, असा प्रश्न त्यांनी सोडून दिला. त्याऐवजी विचारले, ही कुपी पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या माणसांपुढे ठेवली तर किती वेळा नाकारली जाईल? जी दहापैकी सात किंवा जास्त वेळा नाकारली जाते, ती नाकारलीच गेली पाहिजे. आणि कोणतेही यंत्र आणायचे असेल, तर त्याने या कुप्या पकडण्यात माणसापेक्षा कमी पडता कामा नये. आजही तपासणी यंत्रांना पसंतीची मोहर मिळते ती या कसोटीवर.

यंत्राची युक्ती सोपी आणि सुंदर आहे. कुपी भरधाव गरगर फिरवायची आणि एकदम थांबवायची. काच थांबते, आतले द्रावण फिरतच राहते. चहा ढवळून चमचा काढल्यावर चहापत्ती फिरत राहते तसे. त्या क्षणी कॅमेरा लागोपाठ चित्रे घेतो. जे चित्रात जागचे हलले नाही तो काचेवरचा ओरखडा किंवा डाग, जे हलले तो द्रावणातला कण. मात्र बुडबुडाही हलतो, म्हणून यंत्र कधी निर्दोष कुप्याही फेकते. आता चित्रे पाहून शिकणाऱ्या संगणकीय प्रणाली बुडबुडा आणि कण यांत फरक करू लागल्या आहेत. तपकिरी काच, दुधाळ लस, कोरडी पावडर यांच्यापुढे मात्र सगळ्याच यंत्रांची आणि डोळ्यांची अडचण होते.

तडा शोधण्याची तऱ्हा वेगळी. केसाहून बारीक तड्यातून औषध गळत नाही, पण जंतू आत जाऊ शकतात. काच वीज वाहून नेत नाही, बहुतेक औषधी द्रावणे नेतात. म्हणून अँप्युलभोवती उच्च दाबाची वीज लावतात. काच अखंड असेल तर प्रवाह नगण्य, तडा असेल तर तो एकदम वाढतो आणि ती अँप्युल बाद.

एवढे सगळे करून निर्दोष ठरलेली अँप्युल वॉर्डात येते, आणि आपण तिची मान मोडतो.

मोडताना काचेचे सूक्ष्म कण आत पडतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, पण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे. अनेक देशांतल्या भूलतज्ज्ञांनी आणि औषधशास्त्रज्ञांनी हे पुन्हा पुन्हा मोजले आहे. कारखान्यात दोन कण पकडण्यासाठी कोट्यवधींची यंत्रे, आणि शेवटच्या पायरीवर मोडलेली काच औषधात! हा विरोधाभास औषध उद्योगाने फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. शिरेतून गेलेले औषध हृदयाच्या उजव्या बाजूने प्रथम फुप्फुसांत पोहोचते. तिथल्या केशवाहिन्यांची रुंदी सात-आठ मायक्रॉन. त्याहून मोठे जे काही असेल ते तिथे अडकते. गार्वन आणि गनर या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९६० च्या दशकातच दाखवले होते, की सलाइनमधल्या कणांमुळे सशांच्या फुप्फुसांत गाठी होतात. ते कण रबराचे वगैरे होते, पण शरीराला परके काय आणि कसले याने फार फरक पडत नाही.

एखादा कण गेला म्हणून रुग्ण दगावला, असे बोट दाखवून सांगता येत नाही. निरोगी फुप्फुसांत केशवाहिन्यांचे जाळे अफाट असते, थोड्या बंद पडल्याने काही जाणवत नाही. पण दिवसाला वीस-पंचवीस इंजेक्शने घेणारा अतिदक्षतेतला रुग्ण आणि किलोभर वजनाचे बाळ यांचा हिशेब वेगळा. जर्मनीतील हानोव्हर येथे अतिदक्षता विभागातल्या मुलांच्या शिरेच्या नळीत बारीक गाळण्या बसवून पाहिल्या, तेव्हा शरीरभर सूज येण्याची गंभीर गुंतागुंत कमी झाली. २०१२ मधला हा अभ्यास. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या इतर अभ्यासांत मात्र असा फायदा दिसला नाही, तेव्हा हा वाद मिटलेला नाही.

वाद मिटेपर्यंत वॉर्डात करण्यासारखे बरेच आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. अँप्युलच्या मानेवर रंगीत ठिपका असेल तर ती ठिपक्याच्या विरुद्ध दिशेने मोडायची असते. तिथे काच आधीच किंचित खाचवलेली असते. ठिपका किंवा कडे नसेल तर खोक्यातली छोटी कानस मानेवर एकदाच फिरवावी, दहा वेळा घासू नये, कारण प्रत्येक घासणीत काचेचा भुगा पडतो. मान स्पिरिटने पुसून, वाळू देऊन, गॉजमध्ये धरून मोडावी. त्यामुळे सिस्टरांची बोटेही वाचतात. सरकारी रुग्णालयांत बोटाला चिकटपट्टी लावलेली सिस्टर दिसणे मुळीच दुर्मीळ नाही. मोडल्यावर क्षणभर थांबावे, मग बारीक सुईने हळू औषध ओढावे. सुई तळाला टेकवू नये आणि शेवटच्या थेंबासाठी अँप्युल झटकू नये. जाड सुई घाईत सोयीची वाटते, पण ती कणही सोबत ओढते. पाच मायक्रॉनची गाळणी असलेली सुई मिळते. निदान नवजात शिशू विभाग आणि पाठीच्या कण्यातून भूल देण्याची जागा, या दोन ठिकाणी तरी ती खरेदीच्या यादीत असावी.

त्या यादीबद्दलही एक शब्द. निविदेत दर औषधाचा दिसतो, काचेचा दिसत नाही. दोन कंपन्यांचे तेच औषध, त्याच मात्रेत, पाच-दहा टक्के स्वस्त का, याचे उत्तर कधी काचेत असू शकते. २०२३ च्या अखेरीस केंद्राने औषध निर्मितीच्या नियमांतले परिशिष्ट एम सुधारले आणि कारखान्यांच्या अंतर्गत तपासणीची चौकट कडक केली. खरेदी करणाऱ्याने पुरवठादाराला काचेचा प्रकार आणि तिच्या चाचणीचा दाखला मागणे त्याला धरूनच होईल.

इंजेक्शन भरण्यापूर्वी कुपी खिडकीच्या उजेडात धरून पाहायला दहा सेकंद लागतात. आत काही तरंगताना, चमकताना दिसले, द्रावण गढूळ वाटले, तळाशी तडा दिसला, तर ते औषध देऊ नये. आणि फेकूही नये. कुपी उभी ठेवून, बॅच क्रमांक, कंपनीचे नाव व मुदत लिहून, त्याच बॅचच्या उरलेल्या कुप्या बाजूला काढून रुग्णालयाच्या औषधनिर्मात्याकडे द्यावी. तिथून ती तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. रुग्णाला औषध आधीच दिले गेले असेल आणि काही त्रास झाला असेल, तर १८००-१८०-३०२४ हा औषध दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक आहे. तिथे डॉक्टर, सिस्टर, रुग्णाचे नातेवाईक, कोणीही कळवू शकते. फोन करताना बॅच क्रमांक हाताशी हवा, म्हणून रिकामी कुपी त्या दिवसापुरती तरी कचऱ्यात टाकू नये.